उठून बसणारी जुवैना

ओमानमधल्या आमच्या बहला गावात पाहुण्यासमोर आडवं पडत नाहीत. तापाने फणफणलात तरी उठून बसायचं, कॉफी पुढे करायची आणि बरं आहे म्हणायचं. माझी वहिनी जुवैना तर दारात मांजर आलं तरी उठून बसेल.

खजुराची गोणी उचलताना तिच्या पाठीत उसण भरली आणि तेव्हापासून डोकेदुखी मागे लागली. मग पाळी थांबली, छातीतून दूध यायला लागलं. शेजारणी मुबारक म्हणत मेथी घेऊन आल्या. ती गरोदर नाही असं तपासणीत निघालं. मेथी मात्र कुणी परत नेली नाही.

मस्कतच्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढला. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी फुगली होती. गाठ असावी, म्हणाले, नाकातून शिरून काढू. नजर जाण्याचा धोका आहे, जन्मभर गोळ्याही लागतील कदाचित. भावाने सही केली आणि बाहेर जाऊन रडला. डॉक्टर आले की जुवैना ओढणी सावरून ताठ बसायची.

"दुखतंय का?"

"अल्लाची कृपा. थोडंसं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमची आई आली. सुनेची गाऱ्हाणी सांगायला तिला डॉक्टरही चालतात.

"डॉक्टर, हिला आजारबिजार काही नाही, नुसता आळस आहे. दिवसभर लोळते. लोळत असली की ठणठणीत, फोनवर हसते काय, खिदळते काय! पाहुणे आले, उठून बसली, की लागलं हिचं डोकं दुखायला. मग कॉफी ओतायला मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, पुरे कर गं."

"का? खोटं बोलतेय मी?"

डॉक्टर जुवैनाकडे वळले. "आडवं झाल्यावर खरंच थांबतं?"

"थांबतं," ती मान खाली घालून म्हणाली. "पण तुमच्यासमोर कशी आडवी होऊ?"

ऑपरेशन रद्द झालं. पाठ तपासली, तेव्हा मणक्यातलं पाणी एका बारीक भोकातून झिरपत असल्याचं दिसलं. मेंदू त्याच पाण्यावर तरंगतो; ते कमी झाल्यामुळे उठून बसलं की तो खाली ओढला जायचा आणि ग्रंथीत रक्त साठून ती फुगली होती. जुवैनाचंच रक्त काढून पाठीत टोचलं, भोक बुजवलं. ग्रंथी हळूहळू ओसरेल, म्हणाले. तोवर घरी जाऊन काही दिवस सपाट पडून राहायचं.

घरी पोचलो तर बैठक पाहुण्यांनी भरलेली. तिथेच गादीवर निजवलेली जुवैना सवयीने कोपरावर उठायला लागली. आईच्या एका हातात कॉफीची किटली होती. दुसऱ्या हाताने तिने सुनेचा खांदा दाबून धरला.

"पडून राहा, पोरी. तू किती आळशी आहेस ते यांना मी सांगते."

जुवैना पडून राहिली.