किंगपिनच्या शोधात

आमची गाडी म्हणजे एक जुनी विलायती व्हॅन. सकाळी धक्क्यावरून मासळी उचलायची आणि दादरच्या बाजारात आईच्या पुढ्यात आणून उतरवायची, हे तिचं काम. रविवारी बाबा ती आतून धुऊन काढायचे आणि आम्ही सगळे तिच्यातूनच नातेवाइकांकडे जायचो. कितीही धुतली तरी वास जायचा नाही. लग्नाकार्यात लोक आमच्याशेजारी बसताना जरा सरकून बसायचे. पण प्रभादेवीच्या आमच्या गल्लीत गाडी असलेलं घर एकच, आणि बाबांना त्याचा ताठा होता.

गाडीचे पुढचे स्प्रिंगचे पाटे दबले होते आणि स्टिअरिंग ढिलं झालं होतं. चाक फिरवलं की ती थोडा विचार करून मग वळायची. आई कुरकुरली की बाबा म्हणायचे, "मासळी कधी तक्रार करते काय गो?"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. एका हरताळाच्या दिवशी शाळा बंद होती म्हणून मी बाबांबरोबर गेले होते. बाजार भरणार नाही हे कळल्यावर आम्ही रिकामी गाडी घेऊन परत निघालो. लालबागला माणसं धावत रस्त्यावर आली आणि त्यांनी गाडी अडवली. पुढे गोळीबार झाला होता. कुणीतरी मागचं दार उघडलं आणि एका तरुण गिरणी कामगाराला आत ठेवलं. त्याच्या मांडीत गोळी लागली होती. मी मागे जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

परळचं हॉस्पिटल तिथून काही लांब नाही, पण तो रस्ता मला संपता संपत नव्हता. प्रत्येक खड्ड्याला त्याचं अंग फरशीवर आपटायचं. "हळू, काका, हळू," एवढंच तो म्हणत होता. मग पुढचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं. बाबांनी स्टिअरिंग पुरतं फिरवलं तरी गाडी रुळातूनच सरळ चालली, आणि सुटली ती एकदम फुटपाथवर चढली. तो इतक्या जोरात किंचाळला की बाबांनी गाडी थांबवून मागे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता.

तो वाचला. पुढे काठी घेऊन चालायचा, असं कानावर आलं.

घरी आल्यावर बाबांनी गाडी धुतली आणि मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने पुढचं चाक हाताने हलवून दाखवलं. चाक ज्या जाड लोखंडी खिळीवर वळतं ती किंगपिन दोन्ही बाजूंची झिजून गेली होती. "पाटे लोहार करून देईल," तो म्हणाला. "किंगपिन मात्र विकतच आणायला लागेल. गिरगावच्या त्या शेठकडे बघा. या गाडीचा माल तोच ठेवतो."

शेठ गुजराती होता. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून जोर लावणारे सगळे जणू त्याच्याच दुकानात बसले आहेत, अशा आवाजात बाबा म्हणाले, "त्याची पायरी मी चढणार नाय."

लालबागच्या लोहाराने पाटे सुरेख करून दिले. पण किंगपिनसाठी बाबा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांपर्यंत हिंडले आणि आमच्या जोडीइतकीच झिजलेली दुसरी जोडी घेऊन आले. तीच बसवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईने बाजार लवकर आटपला, मिस्त्रीने काढून ठेवलेली जुनी किंगपिन फडक्यात गुंडाळून पाटीत टाकली आणि मला म्हणाली, "चल माझ्यासंगती. तुला गाडीचं इंग्रजी वाचता येतं."

दुकान अर्धंच उघडं होतं. दर्शनी काच फुटलेली होती आणि तिच्या जागी पुठ्ठा लावला होता. आत सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण दारात पाहून ते उठून उभे राहिले. पहिला प्रश्न त्यांनी स्वच्छ गिरगावच्या मराठीत विचारला.

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाय. पाठवणारे तुमच्याकडे यायला तयारच नायत," आई म्हणाली. तिने फडकं सोडून किंगपिन पुढे ठेवली. त्या लोखंडाला मासळीचं पाणी लागलं होतं. शेठनी ती उचलली, रॉकेलने पुसली आणि मापाला लावली. तेवढ्यात आईची नजर पुठ्ठ्याकडे गेली.

"दगड मारलान कुणी?"

"तोंडं कुठे दिसतात, बाई."

"आमच्या गल्लीतला पण असेल," आई म्हणाली. "मना ठाऊक नाय. पण नसेलच, असं मी तुम्हाला सांगू शकत नाय."

शेठनी चष्मा काढून ठेवला आणि बाकाकडे हात केला. मग म्हणाले, "बसा." आम्ही बाकावर बसलो. दुकान बंद करून भावाकडे सुरतेला जावं की नाही, याचा घरात वाद चालला आहे, असं त्यांनी आईला सांगितलं. "मी इथे जन्मलो. सुरतेत मला रस्ते विचारावे लागतात." आईने लालबागची हकिकत सांगितली. त्या तरुणाच्या ओरडण्याचं ऐकताना त्यांनी मान खाली घातली.

दुकानात किंगपिन एकाच बाजूची निघाली. आई म्हणाली, एक द्या, दुसरीकडे भंगारातली चालवून घेऊ. "नाही," शेठ जवळजवळ रागावून म्हणाले, "एका बाजूला नवी, एका बाजूला झिजलेली, असं मी कुणाला देत नाही. मागवतो. तोवर गाडी काढू देऊ नका."

तोवर बाबांनी मासळी हातगाडीवरून आणली. आम्ही दोनदा गिरगावात गेलो, दोन्ही वेळा दुकान बंद. आई पायरीशी उभी राहून कुलपाकडे बघायची. "गेला वाटतं सुरतेला," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात गाडीची काळजी नव्हती. तिसऱ्या खेपेला दुकान उघडं होतं. नवी काच बसली होती, आणि तेलकट कागदात गुंडाळलेली जोडी टेबलावर तयार होती.

बाबांनी पुडकं पाहिलं आणि विचारलं, "कुठून आणलंस?"

"गिरगावातून. त्याच शेठकडून."

बाबा जेवले नाहीत. माझ्या इज्जतीचं काय, असं एकदा म्हणाले. आई शांतपणे म्हणाली, "त्या पोराला 'हळू, काका' म्हणताना तुम्हीच ऐकलंत ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालून हातोडीचे ठोके ऐकू आले. मिस्त्री आणि बाबा दोघेही खाली आडवे होते.

काम झाल्यावर बाबांनी मला शेजारी बसवून गाडी परळपर्यंत नेली. रूळ ओलांडताना त्यांनी स्टिअरिंग जेमतेम हलवलं आणि गाडी वळली. परळच्या नाक्यावरून मात्र घरी न वळता त्यांनी गाडी गिरगावकडे घेतली. दुकानासमोर उतरले, पायरीपाशी थोडे घुटमळले आणि चढले.

मला वाटलं आभार मानतील. पण आत जाऊन त्यांनी शेठना विचारलं, "मुंबई कुणाची, ते सांगा."

शेठ म्हणाले, "आधी बसा तरी."

तो वाद पुढे मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं तरी मिटला नाही. बाबांना दर दोनतीन महिन्यांनी गाडीचं काहीतरी बदलायचं सुचायचं, आणि घरी यायला त्यांना दुपार व्हायची. दोघांनी एकमेकांचं म्हणणं कधी मान्य केल्याचं मला आठवत नाही. आईला ते सगळं पोरकट वाटायचं. तरी बाबा गिरगावातून परतले की ती विचारायची, "काच धड हाय ना त्यांची?"