शेवयांच्या मशीनला मोटर

भंगारातली कुठलीही मोटर मी नुसती हातात घेऊन सांगतो, ती कशाची हाय. आजवर एकदाच बरोबर आलं, आणि तेव्हा तिला पंख्याची पाती लावलेली होती.

शाळेत आपण फार टिकलो नाय. मोटरवरची पट्टी अर्धी इंग्रजी, अर्धी गंजलेली. मग मी दांडा हाताने फिरवायचो, वास घ्यायचो आणि ठोकून द्यायचो. माझ्या जळालेल्या मोटरी ज्याच्याकडे जायच्या तो वाइंडिंगवाला म्हणायचा, "तू हायेस तोवर माझं दुकान बंद पडत नाय."

पण त्या उन्हाळ्यात मोटर पाहिजेच होती. बायको शेवया करून विकते. मशीन हाताने फिरवायचं, आणि फिरवून फिरवून तिचा उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना, वेणी शेजारीण घालून द्यायची. डॉक्टर म्हणाले, या हाताने आता हँडल धरायचं नाही. ऑर्डरी तर घेऊन ठेवलेल्या.

मी म्हणालो, "तू नुसती पीठ घाल. मोटर फिरवेल."

"मोटर कशाला? तुम्ही फिरवा की."

"माझी कंबर," मी म्हणालो. कंबरेला काही झालेलं नव्हतं.

अंबडकडच्या भंगारातनं पहिली मोटर आणली ती नुसती घुरघुरायची. तिचा कंडेन्सर कोणीतरी काढून नेलेला. हाताने ढकललं तरच फिरायची. बायको म्हणाली, "तुमच्याच नात्यातली दिसते." दुसरी निघाली ट्रकच्या वायपरची, बॅटरीवर चालणारी. ती मी घरच्या लाइटीला लावली. असा धूर झाला, की गल्लीतले मच्छर कितीतरी दिवस फिरकले नाय.

तिसरी वॉशिंग मशीनची. वायरींचा झुपकाच होता. बल्ब मधे जोडून मी एकेक जोडी तपासली. दोन बारीक वायरींवर बल्ब पेटेना, म्हणून त्या फालतू समजून कापून टाकल्या. वाइंडिंगवाल्याने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, वेग किती झाला ते त्याच वायरी सांगतात. ही मोटर मोकळी सोडली की पळत सुटते. हिला वेग आवरणारं हिचंच कार्ड लागतं."

कार्डाऐवजी मी कूलरचा डिमर लावला, वेग कमी-जास्त करायचं बटण. तो जळालाच तर मोटर बंद पडेल, एवढा माझा हिशोब. आणि पट्टा चढवला तरी मशीनचं हँडल तसंच ठेवलं, मुद्दाम. लाइट गेली तर काम अडायला नको. या गोष्टीचं तर मी शेजाऱ्यांना बोलावून कौतुक सांगितलं.

पहिली शेवई लांबच लांब उतरली. शेजारीण म्हणाली, "भाऊंनी करून दाखवलं हो." मी हात जोडून गोल फिरलो, सगळ्यांना नमस्कार केला. बायकोसुद्धा हसली. तिला माझ्यावर हसताना लय वेळा बघितलं होतं, असं नव्हतं बघितलं.

मग जळका वास आला. डिमर जळाला, पण मोटर बंद पडायच्या ऐवजी फुल्ल सुटली. हँडल दिसेनासं झालं. मशीन हललं की हँडल धरायचं, ही बायकोची इतक्या वर्षांची सवय. उजवा हात उचलेना, म्हणून तिने डावा घातला.

मी वायर उपटली तेव्हा पीठ छताला होतं आणि तिचं मनगट उलटं लोंबत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? मी म्हणालो, "शेवयांनी." मीच हसलो, दुसरं कोणी नाय.

दुसऱ्या दिवशी वणीहून सासूबाई आल्या. ऑर्डरी तशाच पडलेल्या, म्हणून मी पट्टा काढला आणि स्वतः फिरवायला बसलो. बायको समोर खाटेवर, एक हात प्लास्टरात, दुसरा मांडीवर पडलेला. नाकावर माशी बसली होती आणि ती मान हलवून हलवून तिला उडवत होती. सासूबाईंनी उठून माशी हाकलली, तिचं तोंड पुसलं, आणि धरून तिला मोरीत घेऊन गेल्या. आतनं पाण्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं नाय.

हँडल फिरवत मी म्हणालो, "मामी, बघा, मोटरपेक्षा मीच भारी फिरतोय."

सासूबाई ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या पोरीला या वयात आईनं धुवायची वेळ आणली तुम्ही. गप बसा अन् फिरवा."