शिमग्यातल्या रजा

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील मासळीच्या एका कारखान्यात मी कामगार अधिकारी होतो. निवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या वर्षांत कामगारांच्या प्रकृतीची माहिती संगणकावर ठेवण्यास आरंभ झाला. दर महिन्याला रक्तदाब, वजन, हाताच्या पकडीचा जोर आणि आजारपणाच्या रजा. आकडे ढासळले की नावापुढे तांबडी खूण उमटे. माणूस अंथरुणाला खिळण्याआधीच त्याला हलके काम द्यावे, हा हेतू. हेतू चांगला होता. आजही मी तेच म्हणेन.

एक नियम मात्र माझा. गणपती आणि शिमगा या दिवसांतील आजारपणाच्या रजा धरायच्या नाहीत. त्या आठवड्यात निम्मा कारखाना तापाने फणफणतो आणि गावी पालखी नाचवतो, हे रत्नागिरीत कोणाला सांगावे लागत नाही. त्या रजा धरल्या असत्या, तर सगळी यादीच तांबडी झाली असती.

शीतगृहात गोठवलेल्या मासळीची खोकी रचणारा एक कामगार संगमेश्वरकडचा होता. लागोपाठ दुसऱ्या वर्षी त्याने शिमग्यात आजारपणाची रजा घेतली. परतला त्या सकाळी सोबत्यांनी त्याला माझ्या टेबलासमोरच गाठले.

"काय रे, उतरला का ताप? पालखी किती नाचवलीस?"

"नाचवतोय कसली! खांद्याला पण लावली नाय यंदा. देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागला. घरात पडून होतो."

"व्हय तर! ढोल वाजला की आमच्या पण छातीत धडधडतं!"

सगळे हसले. मीही हसलो.

"डॉक्टरचा कागद आहे साहेब," तो म्हणाला.

"ठेव तिथे."

तो कागद मी न वाचता फाइलला लावला. रजा नियमाप्रमाणे गाळली. त्याच्या पकडीचा जोर थोडा घटला होता. तेवढ्याने खूण उमटत नसे.

पावसाळा सरण्याआधी तो शीतगृहात कोसळला. जीव वाचला, हृदय अधू झाले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दोन्ही रजा धरून आकडे पुन्हा चालवले. शिमग्यानंतरच्याच महिन्यात खूण उमटत होती. नियम मी बदलला. वरिष्ठांनी त्याबद्दल माझे कौतुक केले.

नोकरी सोडल्याच्या कागदावर सही घेण्यास मी त्याच्या गावी गेलो. तो पडवीत बसला होता.

"गेटवर बसायचं काम तरी द्या साहेब. नुसतं बसायचं ना!"

तेही मिळणार नव्हते. आता संगणकात त्याच्या नावापुढे 'कोणत्याही कामास अपात्र' असे लिहिलेले होते. मी ते त्याला सांगितले.

"मग काय, संगणकच सांगतो तर," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

रजा गाळल्याचे मी त्याला सांगितले नाही. सांगायचे ठरवूनच गेलो होतो.