विलायती शिंपी

ये गं, अशी जवळ बस. गावी येतेस, दारावरून जातेस आणि आत डोकावत नाहीस, ही काय रीत झाली? ऐक, आमच्या कळंबच्या शिंप्याची गंमत सांगते.

आईबाप आफ्रिकेहून परतताना हा बोटीवर जन्मला. इंग्रज जाऊन वर्षं झाली, तरी माप घेताना प्रत्येकाला ऐकवायचा, "बोटीवर झेंडा इंग्रजांचा, म्हंजी मी जन्माचा विलायती हाय." छाती अशी फुगायची, की गळ्यातली टेप वर उचलली जायची.

मग तो पंचायतीला उभा राहिला. समोर उभा होता त्याचा शेजारीच. तो भर चावडीत म्हणाला, "विलायती माणूस आपला पंच कसा रं व्हईल?" लोकांनी माना डोलावल्या. शिंप्याचा चेहरा पडला.

तेवढ्यात त्याची म्हातारी आई उठली. "झेंड्याचं काय घिऊन बसलाव? आईबाप हितले, पोर हितलं. नाळ डबीत घालून आणली मी, आन् हितंच पुरली."

"कुठं?" शेजाऱ्यानं विचारलं.

"तुज्याच गोठ्यामागं."

शिंपी निवडून आला. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागं नारळ फोडून अर्धा त्यानं शेजाऱ्याच्याच हातावर ठेवला. आता विलायतेचं नाव काढत नाही. पोलक्याचा गळा मात्र अजून विलायती कापतो, माझा खांद्यावरून घसरतो. तुझं माप द्यायला तरी लवकर ये, आणि चार दिवस राहा.