मिस ओडेसाची बाद पुस्तकं

आमच्या कोरेंटाइन किनाऱ्यावरच्या गावात वाचनालय एकच, आणि बत्तीस वर्षं ते सांभाळलं ते मिस ओडेसा क्वामिना यांनी. उंच, सडपातळ बाई. पुस्तक देताना वाचकाचे हात आधी बघायच्या, मग तोंड. हाताला आंब्याचा रस लागला असेल तर अंगणातल्या नळाकडे बोट. मी ग्रामपंचायतीचा कारकून, वाचनालयाच्या कागदांवर दुसरी सही माझी असे.

त्या वर्षी राजधानी जॉर्जटाउनच्या मुख्य वाचनालयातून पत्र आलं. मुलांसाठी सहाशे नवी पुस्तकं आणि लोखंडी रॅक शुक्रवारी ट्रकने येणार होते. मागची खोली रिकामी नसेल, तर ट्रक पुढच्या गावाला जाईल. त्या खोलीत चारशे जुनी पुस्तकं होती. पत्रात त्यांच्याबद्दल एकच शब्द होता : डिस्कार्ड.

मी शब्दकोश उघडला. नको असलेली वस्तू टाकून देणे. मूळ अर्थ पत्त्यांच्या खेळातला, हातातलं नको असलेलं पान खाली टाकणे. मिसनी ऐकून घेतलं आणि सोमवारी सगळ्या पुस्तकांवर त्या शब्दाचा लाल शिक्का मारला. यादीतली नावं खोडली. मी सही केली.

"आता जाळून टाकू," मी म्हणालो. "परसात पिंप आहेच."

"यांना कव्हरं मी घातलीत, बाबू. काडी तू लावणार असशील तर सांग, म्हणजे मी त्या दिवशी चर्चला जाते."

काडी मीही लावली नाही. सगळी पुस्तकं खोक्यांत भरून रस्त्याकडेला ठेवली, वर पाटी : 'हवी ती न्या.' संध्याकाळपर्यंत खोकी रिकामी झाली. मिस खुशीत घरी गेल्या.

मंगळवारी सकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर पुस्तकांचे ढीग होते. मासे विकणारी दुलारी मावशी पदराखाली आठ पुस्तकं घेऊन उभी होती.

"मिस, कोणीतरी वाचनालय लुटलंय बघा! रस्त्यावर पडली होती पुस्तकं. मी उचलली म्हणून वाचली, नाहीतर गाईंनी खाल्ली असती."

"अगं, ती टाकलेलीच होती. पाटी नाही वाचलीस?"

"पाटी कोणीही लावेल. आत शिक्का वाचनालयाचा आहे ना? मग ती सरकारची. उद्या पोलीस माझ्या घरी आला तर तुम्ही येणार आहात सोडवायला?"

बुधवारी मिसनी पुस्तकं स्वतः घरोघर वाटली. लोकांनी मान राखून घेतली, मॉबीच्या सालीचं सरबत पाजलं, आणि गुरुवारी सकाळी परत आणून दिली. भातगिरणीवरचा सीपॉल तर पुसून, ऊन दाखवून घेऊन आला. आमच्याकडे शेजाऱ्याची कोंबडी परत करायला लोक वर्ष लावतील, पण वाचनालयाचं पुस्तक? त्यावर आईने कान पिळलेले असतात.

दुपारी खोलीत पुन्हा चारशे पुस्तकं. मिस स्टुलावर बसल्या होत्या. "मुलांची पुस्तकं जाणार पुढच्या गावाला," त्या म्हणाल्या. "आणि या लोकांना मी दोषही देऊ शकत नाही. मीच शिकवलंय."

मग उठल्या, शाळेची एक कोरी वही काढली आणि शाळा सुटलेल्या पोरांबरोबर गावभर निरोप धाडला : आज प्रत्येकाला दहा पुस्तकं उसनी मिळतील.

अर्ध्या तासात रांग फाटकाबाहेर गेली.

"मिस," मी हळूच म्हटलं, "यादीतून काढलेलं पुस्तक उसनं कसं देता?"

"नियमात मनाई कुठे लिहिलीय, दाखव. आणि नाही दाखवता येत तर ही टोकाची खोकी इकडे सरकव."

दुलारी मावशीने दहा घेतली. "परत कधी आणायची, मिस?"

"मी मागेन तेव्हा."

"आणि फाटली तर?"

"फाडायची नाहीत."

"बरं बाई, फळीवर ठेवते, उंदरांपासून वर." मावशी समाधानाने गेली. मागून सीपॉल ओरडला, "मला स्वयंपाकाचं द्या, माझ्या बायकोला दालपुरी अजून गोल येत नाही!" त्याची बायको रांगेतच, चार माणसं मागे होती. पुढचं ऐकायला सगळी रांग थांबली.

दिवेलागणीपर्यंत खोली मोकळी झाली. शुक्रवारी ट्रक आला, रॅक उतरले, सहाशे पुस्तकं उतरली. चालकाने खोलीत डोकावून कागदावर खूण केली आणि पाणी मागितलं.

पुढच्या वर्षी मिस निवृत्त झाल्या. ती वही त्यांनी घरी नेली. त्यांनी एकही पुस्तक कधी मागितलं नाही. पण लोक अजून त्यांच्या कुंपणाशी थांबतात, आणि दुलारी मावशी तर दर महिन्याला माशांची टोपली खाली ठेवून विचारते, "मिस, अजून वाचून व्हायचंय. मुदत वाढवता का?"

मिस आतून वही आणतात, पान शोधतात, तारीख घालतात. "ठेव," म्हणतात, "पण हात धुऊन."