मर्डोची गाठ

मॅनिओटोटोच्या पठारावर कुंपण कुणी घातलंय ते विचारत बसायचं नसतं, तारेची गाठ बघायची. इथे मेंढ्या फार आणि माणसं थोडी, त्यामुळे ज्याची त्याची गाठ सगळ्यांना पाठ. मर्डो गेडिसची गाठ म्हणजे दोन घट्ट वेढे आणि वर शेपूट अशी मोडलेली की हात फिरवा, ओरखडा म्हणून उठायचा नाही. हल्लीची पोरं तार तारेत घालतात, वर दुकानातली नळी चेपतात आणि मोकळी होतात. मर्डो त्याला गाठ म्हणायचाच नाही. "ते नळकाम झालं," म्हणायचा, आणि वर थुंकायचा.

ही गाठ त्यानं आयुष्यात एकाच माणसाला शिकवली, बायकोला. तेव्हा इझबेल त्याची बायको नव्हती. नाचाच्या हॉलमागे कुंपणाला टेकून दोघं उभे होते, आणि या बाबाला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं तिच्या हातात तारेचा तुकडा दिला. इझबेल डावखुरी. तिची गाठ अगदी तशीच झाली, फक्त वेढे उलट्या बाजूला गेले. "तुझी गाठ माझ्याकडे पाठ करून बसते गं," तो म्हणाला, आणि पुढे सगळा संसारभर तिला त्यावरून चिडवत राहिला.

कुंपणाचं काम मर्डो आणि त्याचा थोरला भाऊ ह्यू असे दोघं मिळून करायचे. ह्यूनं लग्न केलं नाही. मागच्या खोलीत राहायचा, इझबेलच्या हातचं जेवायचा आणि मटणात मीठ कमी आहे असं न चुकता सांगायचा. ट्रॅक्टरच्या मागे उंच लोखंडी खांबावर घण बसवलेला असायचा. ह्यू तो चालवायचा, मर्डो खाली कुंपणाचा खांब सरळ धरायचा. इथली जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली पाषाणाच्या लाद्या. घण पडला की दरीपलीकडच्या कुत्र्यांना कळायचं, गेडिस बंधू कामाला लागले.

मेंढ्या पाळणाऱ्या ग्रेम टॉडच्या डोंगरउतारावर एक दिवस घण वर चढवलेला असतानाच ट्रॅक्टरचं चाक लादीवर चढलं. तो सगळा उंच डोलारा एका बाजूला कलला आणि ह्यूला घेऊन खाली गेला. मर्डो खांब सोडून बाजूला पडला म्हणून वाचला. ह्यूला काढायला टॉडच्या घरून माणसं आणावी लागली. त्या संध्याकाळी इझबेलनं सवयीनं तीन ताटं मांडली, आणि मग तिथेच खुर्ची धरून रडली.

भावाला पुरल्यावर मर्डोला परत कामावर जायचंच होतं. दुसरं येत काय होतं त्याला? इझबेलनं एकच गोष्ट धरून ठेवली: ट्रॅक्टर नको. नवरा डोंगरावर जाईल तर स्वतःच्या पायांवर उभा राहील. ती त्याला घेऊन डेसच्या दुकानात गेली. डेस यंत्रं विकणारा, तोंडाचा फाटका पण मनाचा सरळ. त्यानं आवारात एकेक यंत्र दाखवलं. रणगाड्यासारखं पट्ट्यांवर चालणारं मोठं धूड होतं, पण तेही वर बसूनच चालवायचं. दगडात भोक पाडायचं ड्रिल होतं, पण त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर वर न्यायचा तर परत ट्रॅक्टरच लागणार. आणि एक पेट्रोलचं हातयंत्र होतं. पोलादी खांबाच्या डोक्यावर बसवायचं, दोन मुठी धरायच्या, की ते आपलं आपण ठोकत जातं.

"सपाटीवर हे उत्तम," डेस म्हणाला. "पण तुमच्या दगडात एकटं वापरू नका. आधी ड्रिलनं भोक पाडा, मग ठोका. नाहीतर जमीन जे घेणार नाही ते सगळं हातात परत येतं. आणि मर्डो, मुठी आवळून धरू नकोस रे. थांबत थांबत कर."

"पाय जमिनीवर राहतील ना याचे?" इझबेलनं विचारलं.

"पायांचं काय घेऊन बसलीस, मी हातांचं सांगतोय."

"पाय राहतील की नाही ते सांग."

"राहतील बाई, राहतील."

"मग हेच बांध."

झालं. भीती बसलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं, आणि त्यात तिचा तरी काय दोष? घरात एक खुर्ची रिकामी होती, दुसरी रिकामी व्हायला नको होती.

मर्डोनं त्या यंत्रावर पुढची कितीतरी वर्षं काढली. जो खांब सपाटीवर चुटकीसरशी जातो, तो टॉडच्या उतारावर चहा निवेपर्यंत थडथडत राहायचा. थांबत थांबत करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. लादी लागली की तो यंत्राला छातीशी कवटाळायचा, दात आवळायचा आणि खांब खाली उतरायला लागेपर्यंत सोडायचा नाही. संध्याकाळी तो घरी आला की इझबेल आधी त्याचे बूट बघायची. धुळीनं माखलेले, धड, चालत आलेले बूट. देवा, तुझे उपकार, असं ती रोज मनात म्हणायची. हातांकडे बघायचं तिला सुचलंच नाही.

थंडीत त्याची बोटं पांढरी पडायला लागली. "भूत होत चाललोय बघ," तो हसून म्हणाला, "बोटांपासून सुरुवात केलीय." तीही हसली. पुढे सदऱ्याची बटणं लागेनात, तर म्हणाला, शिवणाऱ्याने काजं बारीक केलीत. चहाचा कप सुटला, तर कप गुळगुळीत. आणि एकदा टॉडकडे जाताना इझबेलनं गाडी थांबवली, कारण नव्या कुंपणावर ऊन चमकत होतं. उतरून बघितलं तर नळी. पुढे आणखी एक नळी. सगळी ओळच नळ्यांची. मर्डो आणि नळ्या!

"तार वाईट आलीय या खेपेला," तो गाडीतूनच म्हणाला, तिच्याकडे न बघता.

डॉक्टरनं सुईनं बोटं टोचून बघितली. मर्डो खिडकीबाहेर बघत होता. सुई टोचली तरी तो बाहेरच बघत राहिला. आतल्या नसा गेल्या, डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर आणखी जाणार नाहीत, पण गेलेल्या परत यायच्या नाहीत. कुठलं यंत्र वापरत होता?

"मी निवडलं होतं ते," इझबेल म्हणाली. "दुकानदार बजावत होता. मी निवडलं."

"अगं गप," मर्डो खेकसला. "मग काय ह्यूच्या शेजारी झोपायला हवं होतं मला?"

तेवढ्यावर विषय संपवायचा त्याचा विचार होता. इझबेलचा मात्र संपला नाही. रोज मर्डोची बटणं लावताना तो विषय तिच्या छातीवर बसायचा.

त्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्यानं टॉडच्या उतारावरचं कुंपण आडवं झालं. ह्यू गेला तोच उतार. टॉडनं शहरातला ठेकेदार बोलवायचं ठरवलं, तर मर्डो हट्टाला पेटला. "ते आमचं कुंपण आहे. शेवटचं आम्हीच घालणार, आणि गाठी मारणार. एकही नळी लागणार नाही."

इझबेलनं डेसकडून पट्ट्यांवर चालणारं यंत्र भाड्यानं आणलं. आता ती आकारानं लहान झालीत, लांब उभं राहून रिमोटनं चालवता येतात. आधी भोक पाडतं, मग ठोकतं. उलटलं तर एकटं उलटेल. बटणं इझबेलनं दाबली. एकामागून एक खांब त्या पाषाणात उभा राहत गेला आणि मर्डो हात खिशात घालून बघत राहिला.

"हे तेव्हा असतं तर," तो म्हणाला.

"नको ना रे," ती म्हणाली.

तारा ताणून झाल्या. मर्डोनं हातमोजे काढले, तार घेतली आणि गाठीला बसला. पहिला वेढा निसटला. पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. बोटं तारेवर लाकडाच्या खुंट्या फिरवाव्या तशी फिरत होती. तारेचं टोक त्याच्या अंगठ्यात घुसलं आणि रक्त मनगटावरून बाहीत उतरायला लागलं. मर्डो गाठच मारत होता. त्याला पत्ताच नव्हता.

इझबेलला ते बघवेना. तिनं रुमाल काढून त्याचा अंगठा बांधला. तो बांधलेल्या अंगठ्याकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिला.

"भूक लागलीय मला," ती म्हणाली. "गाडीतून चहा आणि स्कोन घेऊन ये. लोण्याची डबी विसरू नकोस."

गाडी पार खाली नदीपाशी होती. तो उतरायला लागला, आणि ती पाठमोऱ्या मर्डोकडे न बघता भराभर गाठी मारत सुटली. दोन वेढे, शेपूट, मोड. दोन वेढे, शेपूट, मोड. डोळे वाहत होते, ते तिनं वाहू दिले.

मर्डो वर आला तेव्हा टॉड त्याच्याबरोबर होता. टॉडनं पहिल्या गाठीवरून हात फिरवला आणि खूश होऊन मान हलवली. "वा रे पठ्ठ्या! हातांचं ऐकलं होतं मी. पण ही मर्डोचीच गाठ. मी झोपेतही ओळखीन."

मर्डोनं चहाची बाटली खाली ठेवली. तो तारेजवळ गेला, वाकला, आणि बोटं न लावता गाठीवर ओठ टेकवले. वेढ्यांवरून सावकाश फिरवले, पहिल्यापासून शेपटापर्यंत. ओठांना अजून सगळं कळत होतं. वेढे उलट्या बाजूला होते.

इझबेलनं हातातला तारेचा तुकडा खिशात घातला.

"हो," मर्डो टॉडला म्हणाला. "माझीच."

टॉड कुंपण बघत बघत पुढे निघून गेला. मग मर्डोनं स्कोनचा तुकडा मोडायला घेतला, तो हातातून पडला, आणि तिनं दुसरा मोडून त्याला दिला.

"शेपूट आणखी जवळ मोडायला हवं होतंस," तो म्हणाला. "ओठाला लागतं."

"पुढच्या वेळी मोडीन."

"पुढची वेळ कुठली गं आता."

उन्हं कलल्यावर दोघं उतारावरून खाली निघाले. ह्यू पडला त्या लादीपाशी इझबेलनं नवऱ्याचा हात हातात घेतला. गार होता, जड होता. नेहमीसारखा दाबला. तो समोर नदीकडे बघत चालत राहिला, त्यानं उलट दाबलं नाही. तिला वाटलं, रागावलाय. रागावू दे, तिनं सोडला नाही.

गाडीपाशी आल्यावर दार उघडायला म्हणून त्यानं खाली बघितलं.

"अरे," तो म्हणाला, "केव्हापासून धरलायस?"