आबांच्या मांडीवरचा लॅपटॉप

माझा लॅपटॉप तापायला लागला तेव्हा मी आधी उन्हाळ्याला शिव्या घातल्या, मग कंपनीला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांग होऊन वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेली होती. मी कामावरून आलो की लॅपटॉप त्यांच्या ताब्यात जायचा. पलंगावर उशीला टेकून, डाव्या मांडीवर तो ठेवून ते संध्याकाळभर जत्रांमधल्या कुस्त्या बघायचे. फौजेत असताना स्वतः लढले होते, त्यामुळे प्रत्येक पैलवानाला नावं ठेवायचा हक्क त्यांच्याकडे होता.

पुढे पुढे पंखा घरघरायला लागला. कुस्ती ऐन रंगात आली की पडदा काळा व्हायचा. लॅपटॉप उचलताना माझी बोटं पोळायची. लय तापलाय, बाजूला ठेवा, म्हटलं की आबा म्हणायचे, कुठं काय, राहू दे. मला कौतुकच वाटायचं. जुनं हाड आहे, असं मी आईला सांगायचो.

वॉरंटी संपत आली होती म्हणून रहिमतपूरहून सांगलीला सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. आतली चिप आणि तिच्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामध्ये पेस्टचा एक लेप असतो. तो वाळला की उष्णता बाहेर पडत नाही. तो बदलणं वॉरंटीत बसत नाही, असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. मी मुळात तापट. आवाज चढवला, हुज्जत घातली, शेवटी साहेबांना फोन करून त्या तयार झाल्या. गड जिंकल्यासारखा मी खुर्चीत बसलो.

इंजिनिअरनं लॅपटॉप उघडण्याआधी थोडा वेळ चालवून बघितला. मग उलटा करून मला म्हणाला, हात लावून बघा. मी तळवा टेकवला आणि झटकन काढून घेतला. टेबलावर वापरता का, त्यानं विचारलं. वडील मांडीवर घेऊन बसतात, संध्याकाळभर, असं मी सांगितलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्क्रू काढायला घेतले. आबा तो डाव्या मांडीवर ठेवत होते. अर्धांग उजवीकडे होतं.

परतीच्या गाडीत लॅपटॉप गार होता आणि मला घाम फुटला होता. आबांना शुगर आहे, तिनं पाय बधिर होतात. हल्ली ते आंघोळीला कुणाला जवळ येऊ देत नव्हते, माझं मी करतो म्हणायचे. त्यालाही आम्ही सुधारणा समजून बसलो होतो. मला माझाच राग आला.

घरी पोचलो तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी खोलीचं दार लोटलं आणि आबांचा लेंगा वर सारला. रोज शेकोटीला बसणाऱ्यांच्या नडग्यांवर पडते तशी तपकिरी जाळी मांडीवर उमटली होती. मधोमध एक फुटलेला फोड, कडेनं काळा पडलेला. मी त्याच्या शेजारी बोटानं दाबलं. आबा बोटाकडे बघत होते. बोट कुठं आहे हे त्यांना नुसतं दिसत होतं.

"कवापासनं हाय हे, आबा?"

"झालं की लय दिस. पावलापासनं बधिर व्हत वर चढत आलंय." त्यांनी दाराकडे बघितलं. "तुझ्या आईला सांगू नगंस."

उद्याच डॉक्टरांकडे जायचं आणि आईला आज सांगायचं, असं मी ठणकावून म्हणालो. त्यांनी डाव्या हातानं लेंगा खाली ओढला. तेवढ्यात आई पदराला हात पुसत आत आली. रोज दिवस कलला की ती त्यांना अंगणापर्यंत चालवायची. तिनं त्यांचं डावं पाऊल दोन्ही हातांनी जमिनीवर नीट टेकवलं.

"ह्यो पाय धड हाय तवर मला कसलं भ्या न्हाई," ती मला म्हणाली.

मी सांगायला तोंड उघडलं, आणि उठवायला आबांच्या काखेत हात घातला.